गिरणीच्या माडीवरची सभा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मशीनवर बसून ब्लाऊजची बाही जोडत होते. "मावशी, आप्पा गेले," एवढंच भाचा बोलला. सकाळचा चहा घेऊन अक्का उठवायला गेली, तर हे झोपेतच गेलेले. कुणाला त्रास नाही, हाक नाही. मी सुई तशीच बाहीत ठेवली आणि कबनूरला जायला निघाले. पोचले तर दारात ही गर्दी! आता आमचे दाजी काही पुढारी नव्हते. यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करून परत चालू करून देणारा माणूस. कारखान्यातली माणसं येतील, भावकी येईल, विहारातली मंडळी येतील, एवढं आम्ही धरलेलं होतं. पण बाकीचे कोण? एक गाडीतून उतरलेले, कडक इस्त्रीचे. एक रिक्षा कडेला लावून खाकी शर्टातच आलेला. एक जण भाजीची पाटी दुसऱ्याच्या भरवशावर टाकून आलेला, हाताला अजून कोथिंबिरीचा वास. आणि प्रत्येक जण अक्कासमोर येऊन नुसतं पहिलं नाव सांगायचा. "मी विलास." "मी रफीक." आडनाव नाही, गाव नाही, धंदा नाही. भावकीतले एक थोरले माझ्या कानाशी लागले, "काय गं, शामरावनं कुठं पतसंस्था काढलीती काय? एवढी माणसं कुठली ही?" अशा वेळी हसू नये, कळतं मला. पण माझी आणि अक्काची नजरानजर झाली आणि अक्कानं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, हुंदका आला बाईला.

ती माणसं कुठली, ते सांगायलाच हे लिहायला घेतलंय. अक्काला विचारलं, लिहू का? तर म्हणाली, "लिही की. त्यांनी सगळ्या कबनूरला वरडून सांगिटलंय, तू आणि काय लपवणार?" तर ऐका.

आमची अक्का माझ्याहून मोठी, आणि शामराव तिचे मालक. माणूस सोन्यासारखा, पण दारू प्यायचा. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. शिफ्ट सुटली की पाय आपोआप वळायचे. भांडखोर नव्हते, हात कधी उचलला नाही, उलट पिऊन आले की फार प्रेमळ व्हायचे. पण दोन दोन दिवस कामावर नाहीत, पोर लहान असताना त्याला शाळेतून आणायला जातो म्हणून गेले आणि पोर एकटंच घरी आलं, असं चाललेलं. विहारात पौर्णिमेला वंदना म्हणताना पाच शीलं असतात. चार अगदी खणखणीत म्हणायचे, आणि पाचवं, दारूचं, आलं की यांना खोकला यायचा. नेमका तिथंच. मागच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. अक्काही हसायची आधी आधी. मग एके दिवशी ती पिशवी घेऊन कोल्हापूरला माझ्या दारात उभी. पोराची दहावी म्हणून त्याला आजीजवळ ठेवलेलं. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यास्नी सांगिटलंय, कोल्हापुरात दर गुरुवारी दारू सोडलेल्या लोकांची सभा भरती म्हणून. ते तिथं गेल्याशिवाय मी कबनूरला जाणार न्हाय. आणि मी काय त्यास्नी हाताला धरून न्हेणार न्हाय. लई न्हेलं आजवर हाताला धरून."

दुसऱ्या गुरुवारी दुपारीच दाजी आले. दाढी केलेली, डोक्याला तेल. अक्का आतून बाहेर आली नाही. मला म्हणाले, "मेव्हणीबाई, गल्ली म्हाईत हाय डॉक्टरनं सांगिटलेली. पण एकटा गेलो तर मधल्या बारमधनं मी बाहेर याचा न्हाय. चलतीस?" मी मशीनवर कापड टाकलं आणि पायात चपला घातल्या. पत्ता कसला तर, "अमक्या गल्लीत, बोर्ड नाही, कुणाचं नाव विचारायचं नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला ज्या घराबाहेर चपला जास्त दिसतील तिथं आत जायचं. कुणी काही विचारणार नाही. आपलं नाव सांगायचं आणि मला दारूचा त्रास आहे म्हणायचं." बास. वाटभर दाजी तेवढंच घोकत होते. "माझं नाव शामराव... मला दारूचा तरास हाय... माझं नाव शामराव..." रस्त्यात एक-दोघांनी वळून बघितलं. आणि आमचं कोल्हापूर म्हणजे काय, कोपऱ्यावर जरा घुटमळलात की चार जण विचारणार, "कुणाकडं पावणं? काय काम?" त्यामुळं मी दाजींना म्हटलं, मान खाली घाला आणि कुठं थांबू नका.

गल्लीच्या मध्यावर एका घराबाहेर चपलांचा हा ढीग! पायरीवर, पायरीखाली, तुळशीच्या कट्ट्याला टेकून... छे, तुळस कुठली, कुंडी होती कसली तरी. तुळस नव्हतीच, कारण आत पाऊल टाकलं तर समोर बुद्धाची मूर्ती, ताजी फुलं घातलेली. दाजींना एकदम धीर आला. "आपल्यातलीच माणसं हैत की," म्हणाले. तोवर एक गृहस्थ हात जोडून पुढं आले. "जयभीम, जयभीम! या पावणं, वाट बघून दमलो आम्ही. पत्ता घावला न्हवं नीट? आण्णा कुठं राहिले?" आता हे आण्णा म्हणजे सभेचे प्रमुख असणार, असं मी धरलं आणि म्हटलं, "येतील की मागनं." आम्हाला खुर्च्या दिल्या. डॉक्टरनं सांगितल्यासारखीच माणसं गोल बसलेली. दाजी माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "मेव्हणीबाई, बायका बी हैत यात." मी म्हटलं, "आजार हाय, कुणालाबी व्हतो." समोर डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी बसली होती, ऐंशीच्या आसपासची. दाजी तिच्याकडं बघून कळवळले. "ही बी?" तेवढ्यात पोहे आले. वर खोबरं, कोथिंबीर, बाजूला लाडू. दाजी म्हणाले, "खर्च करत्यात की हो लोकं!" आणि मग एक पोरगी आली, चहाचा ट्रे घेऊन, मान खाली, पाठीमागून बायका ढकलताहेत. विशीचीसुद्धा नसेल. दाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या कोवळ्या वयात हे काय व्यसन...

मला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ट्रेमधला चहा इतका छान होता!

ते हात जोडणारे गृहस्थ म्हणाले, "बोला पावणं. तुमच्याकडची माहिती सांगा. सगळी आपलीच माणसं हैत." झालं. दाजी उठले. कपबशी खाली ठेवली, शर्ट खाली ओढला, आणि असं बोलले, असं बोलले की मी त्यांना एवढं सलग बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. "माझं नाव शामराव. मी कबनूरचा. मागावर जॉबर हाय. मला दारूचा तरास हाय. तरास म्हंजे, मी रोज पितो. पौर्णिमेला बी पितो. बायको सोडून मेव्हणीकडं येऊन राहिली हाय. तिचं काय चुकलं न्हाय. पोरगं ल्हान असताना त्याला शाळेतनं आणायला गेलो आणि वाटंतच बसलो. पोरगं एकटं घरी आलं, त्यानं मला एका शब्दानं विचारलं न्हाय, ते लागलंय मला... तुमी सगळ्यांनी कसं सोडलं तेवढं सांगा."

कुणी पोह्याचा घास गिळलासुद्धा नाही. ते गृहस्थ खुर्चीत मागं रेलले आणि बारीक आवाजात म्हणाले, "आणि पोरगं? पोरगं बी पितंय काय?"

"न्हाय हो! ते दहावीला हाय."

"दहावीला? आणि लगीन?"

"कुणाचं?"

मग माझी नजर त्या पोरीच्या नव्या साडीवर गेली, तिथून ताटातल्या नारळावर गेली, आणि तिथून थेट दारावर. दाजी अजून उभेच, हात जोडून. म्हातारी मात्र पहिली सावरली. मोठ्यानं म्हणाली, "काय का असंना, आजवर एवढं पावणं आलं पोरगी बघायला, खरं बोललेलं हेच पयलं!" आणि मग काय विचारता... कोण हसतंय, कोण रागावतंय, एक काकू "लाज न्हाय काय" म्हणून आमच्या पोह्याच्या बशा उचलायला लागली. ही मंडळी मुरगूडच्या पाव्हण्यांची वाट बघत होती. मी "चुकलं, चुकलं, दारू सोडायच्या सभेला निघालो होतो" म्हणत दाजींच्या बाहीला धरून ओढत होते आणि दाजींचा चेहरा असा झाला होता, की आता हा माणूस इथून निघून सरळ बारमध्ये जाणार, याची मला खात्री पटली. सगळं धाडस त्यांनी नको त्या दारात खर्चून टाकलं होतं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलीचा चुलता, बाळू. तीस-बत्तिशीचा असेल, नवा कोरा शर्ट घातलेला, केस ओले, आणि खोलीभर दारूचा वास. पाव्हण्यांसमोर यायचं नाही म्हणून त्याला दुपारपासनं आत बसवून ठेवलेलं. तो दाजींना म्हणाला, "ती सभा कुठं हाय? मला बी न्हेवा."

"बाळू, आत जा," मुलीचे वडील म्हणाले. तेच ते हात जोडणारे.

"न्हाय जाणार दादा. हे पावणं परक्याच्या घरात येऊन बोललं. मी आपल्याच घरात दाराआड बसू व्हय?"

शेवटी ती पोरगीच बोलली, ट्रे हातात धरूनच, "काका, तुमी जावा. पाव्हण्यांनी विचारलं तर मी सांगते काय सांगायचं ते." आणि नेमका तेव्हाच बाहेर चपला काढल्याचा आवाज. मुरगूडचे पावणे, आण्णांसकट! वडील घाईनं आम्हाला मागचं दार दाखवायला लागले, तर म्हातारी काठी आपटून म्हणाली, "मागच्या दारानं काय म्हणून? चांगल्या कामाला चाललीत. पुढनं जातील." आम्ही तिघं त्या पाव्हण्यांच्या रांगेतून उलटे बाहेर पडलो. त्यांतल्या एकानं विचारलंच, "ही कोण मंडळी?" म्हातारीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत गेला असेल, "आमचा धाकटा हाय! दारू सोडायला चाललाय!"

आणि ती सोयरीक झाली बरं का. मुरगूडच्या मंडळींनी नंतर सांगितलं म्हणे, ज्या घरातली म्हातारी एवढं दारात उभं राहून सांगते, त्या घरात पोरीविषयी काही लपवलं नसणार. त्या लग्नात दाजी आणि बाळू दोघांनी पंगतीत वाढलं. पण ते पुढचं.

खरी सभा चार घरं सोडून होती, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. बाहेरून लोखंडी जिना आणि जिन्याखाली चपलांचे चार-पाच जोड, एवढंच. डॉक्टरनं चपला जास्त म्हणून सांगितलं होतं, त्याला काय माहीत, पावसापाण्याचं कमीजास्त होतं माणसांचं. गिरणी चालू होती, सगळा जिना थरथरत होता. दाजी अर्धा जिना चढले आणि थांबले. मागं वळून म्हणाले, "मेव्हणीबाई, बोललो की मी आज एकदा. ह्योच सभेत धर. पुढच्या गुरुवारी बघू." चेहरा पांढरा. मी खाली उभी. माझं बोलणं ऐकायचे दिवस त्यांचे नव्हतेच. पण खालच्या पायरीवर बाळू उभा होता. तो म्हणाला, "पावणं, तुमी न्हाय गेला तर मी कुणासंगट जाऊ? मला एक बी माणूस वळखीचा न्हाय वर." दाजींनी त्याच्याकडं बघितलं. वळखीचे ते तरी कुठले, अर्ध्या तासाचे... पण त्यांनी हात मागं केला, बाळूनं तो धरला, आणि दोघं वर गेले. दार लागलं. मी गिरणीतल्या बाकावर दळणाच्या डब्यांशेजारी बसून राहिले. वरून काही ऐकू येत नव्हतं, जातं घरघरत होतं. एकदा मात्र खूप माणसं एकदम हसल्याचा आवाज आला, आणि मी ओळखलं, दाजींनी पोह्यांची गोष्ट सांगितली.

खाली आले तेव्हा दोघांच्या डोक्याखांद्यावर पीठ. घरी गेलो. अक्का दारातच उभी होती, तिनं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "सभेला गेलतासा का दळण आणायला?"

"सभेलाच."

"आणि?"

"आणि... पुढच्या गुरुवारी या म्हणालेत."

"मग जावा पुढच्या गुरुवारी. जेवायला बसा आता."

अक्का लगेच गेली नाही हो. शब्द दिला होता, पण बाई हुशार. दर गुरुवारी दाजी कबनूरहून यायचे, सभा करायचे, आमच्याकडं जेवायचे, शेवटच्या गाडीच्या आधीच परत. जेवताना नवऱ्याला अक्का पाहुण्यासारखी वाढायची आणि दाजी पाहुण्यासारखे "पुरे, पुरे" म्हणायचे. मी आणि माझे मालक आत जाऊन हसायचो. नवी सोयरीक चालल्यासारखं सगळं. असे बरेच महिने. मग दसरा आला. कारखान्यात खंडेनवमीला मागांची पूजा असते, हत्यारांना हळदीकुंकू वाहतात, आणि पूजा झाली की मंडळी प्यायला बसतात. दाजी बसले. त्या गुरुवारी ते आले ते सभेच्या आधीच आमच्याकडं. चप्पल न काढता दारातूनच अक्काला म्हणाले, "दसऱ्याला प्यालो. तुला बाहेरनं कळायच्या आधी सांगाय आलो. आता वर जाऊन त्यास्नी बी सांगणार हाय." आणि वळले. मला वाटलं, संपलं सगळं. अक्का भाकरी थापत राहिली. दाजी सभेहून परत आले तर दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली. "चला," म्हणाली. "तुमी लपवायचं सोडलासा की घरला येणार म्हणून थांबलेली. न पिणारा कुठला मला घावणार हाय!" त्यानंतर दाजी प्याले नाहीत. पुढच्या वैशाख पौर्णिमेला त्यांनी पाचवं शील असं काही ओरडून म्हटलं की पुढच्या रांगेतली पोरं दचकून मागं बघायला लागली. वर अक्का म्हणते कशी, "यापरीस खोकला बरा होता."

दाजींचा उत्साह मग दुसरीकडं वळला. आपल्यासारखीच माणसं त्या गल्लीत भरकटत असणार, हे त्यांच्या डोक्यात बसलं. बोर्ड लावता येत नाही, नावं सांगता येत नाहीत. म्हणून ते सभेच्या आधी गल्लीच्या तोंडाशी, सायकलच्या पंक्चरच्या दुकानापुढं जाऊन बसायचे. दुकानदार त्यांना उलटी बादली द्यायचा. नवा माणूस त्यांना लगेच कळायचा. म्हणायचे, "घरं बघत जातो, परत येतो, पानपट्टीवर थांबतो, पान घेत न्हाय, परत जातो. ह्यो आपला." मग हे उठायचे आणि त्याच्या शेजारून चालायला लागायचे. "मी बी तिकडंच चाललोय. जिना जरा हालतोय, जपून." एवढंच. दुसरं अक्षर नाही. अंत्ययात्रेला आलेली ती पहिल्या नावांची सगळी माणसं अशी, त्या बादलीवरून उठून दाजींनी वर नेलेली. पुढं मोबाइल आले, बाळूनं म्हटलं, आता लोक फोनवर पत्ता विचारतात, कशाला उन्हातान्हात बसता? तर म्हणाले, "फोनवर पत्ता कळतोय रे. पर माणूस माघारी वळायला लागला, ते फोनला कुठं दिसतंय?"

कबनूरहून दर गुरुवारी कोल्हापूर, हा नेम त्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत सोडला नाही. आणि अक्का या सगळ्या वर्षांत त्या गल्लीत एकदाही गेली नाही. हाताला धरून नेणार नाही म्हणाली होती ना, ते तिनं पाळलं. सभा त्यांची, त्यांनी बघावी.

विहारात पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे पांगले. नंतरच्या गुरुवारी दुपारी अक्का माझ्या दारात. पिशवी नाही, काही नाही. "चल जरा फिरून येऊ," म्हणाली. मी समजले. गेलो. पंक्चरवाल्यानं तिला ओळखलं नाही, पण मी सांगितल्यावर आत गेला आणि बादली आणून, फडक्यानं पुसून, उलटी ठेवली. अक्का बसली. बाळू अजून यायचा होता. गिरणी ऐकू येत होती. आम्ही काहीबाही बोलत होतो, भाच्याच्या नोकरीचं, माझ्या गुडघ्याचं... आणि एक माणूस आला. पन्नाशीचा, चांगल्या घरातला. पुढं गेला. परत आला. पानपट्टीवर थांबला. पान घेतलं नाही. मग तो वळला, स्टँडच्या बाजूला, भराभर.

अक्का उठली. पदर खोचला आणि मोठ्यानं म्हणाली, "ओ पावणं! तिकडं न्हवं. जिना हिकडं हाय."

तो थांबला. पांढरा पडला. "तुम्ही... तुम्हीपण?"

"मी न्हाय. माझं मालक."

"ते आहेत का वर?"

"हैत की," अक्का म्हणाली. "चला, जिन्यापर्यंत येते मी. जरा हालतोय, जपून."